ताटाप्रमाणे सुई

चौकशी समितीची बैठक रुग्णालयाच्या ग्रंथालयात भरवण्यात आली. निवड समर्पक होती, कारण न उघडलेल्या पुस्तकांचा एवढा मोठा साठा त्या इमारतीत अन्यत्र नव्हता. लांब टेबलाच्या एका बाजूस समिती बसली, दुसऱ्या बाजूस एकच खुर्ची ठेवली होती. त्या खुर्चीवर बसलेल्या डॉक्टरीणबाईंवरचा आरोप एका वाक्यात मावण्याइतका सुटसुटीत होता. आपल्या सासूबाईंना त्यांनी कर्बोदके कमी असलेला, मान्यता नसलेला आहार दिला आणि त्याचा परिणाम म्हणून सासूबाई वॉर्डाबाहेरच्या वऱ्हांड्यात बेशुद्ध होऊन पडल्या. तक्रारदार होते मधुमेह विभागाचे प्रमुख. ते सासूबाईंचे थोरले चिरंजीव होते आणि म्हणून डॉक्टरीणबाईंचे दीरही.

सासूबाईंनी हयातभर शाळेत भूमिती शिकवली. वर्गातल्या पोरांनी त्यांचे नाव कोनमापक ठेवले होते आणि निवृत्तीच्या समारंभात ते त्यांना स्वतःच्याच तोंडून सांगावे लागले, कारण बाकी कोणाची हिंमत झाली नाही. निवृत्तीच्या आधीपासून त्या इन्सुलिनवर होत्या. थोरला दर भेटीत मात्रा थोडी वाढवी आणि म्हणे, "आई, हा आजार असाच असतो. पुढेच जातो." विधान शास्त्रीय होते. एवढेच की, ज्या पावावर आणि बटाट्यांवर तो आजार पोसला जात होता, ते पाव आणि बटाटे त्याच्याच विभागाने छापलेल्या आहारपत्रकात अग्रस्थानी होते.

मग धाकट्याचे लग्न झाले. सून आली ती डॉक्टरच. पण पदव्यांची लांब शेपटी नसलेली. चपलांच्या दुकानामागे दोन खोल्यांत दवाखाना चालवणारी. तिने सासूबाईंना सांगितले, पाव सोडा, बटाटा सोडा, फळांचा रस सोडा. अंडी, मासे, पालेभाज्या, लोणी पोटभर खा. मात्र हे सांगण्यापूर्वी तिने त्यांची इन्सुलिनची मात्रा कमी केली. तिच्या दवाखान्यात हा नियम मोडायला कोणालाच मुभा नव्हती: आधी सुई कमी, मग पाव कमी. ज्या अन्नासाठी सुई टोचायची ते अन्नच पोटात जाणार नसेल, तर सुई कोणती साखर जिरवणार? ती रक्तातलीच ओढून घेणार, आणि माणूस उभ्या जागी कोसळणार. हे समजायला पदवी लागत नाही. ते न समजायला किती पदव्या लागतात, ते पुढे दिसेलच.

हळूहळू सासूबाईंची सुई सुटली. थोरल्याने तपासणीचे आकडे पाहिले आणि विचारले, "प्रयोगशाळा बदललीत का?" नंतर म्हणाला, "तात्पुरतं आहे." ते तात्पुरते दोन वर्षे टिकले.

भिंतीवरचे एक चित्र किंचित तिरके लटकते आहे, हे सहन न होऊन कोनमापक स्टुलावर चढल्या आणि मांडीचे हाड मोडून घेतले. शस्त्रक्रिया चांगली झाली. रुग्ण मधुमेहाचा, म्हणून शस्त्रक्रियेनंतर त्यांना थोरल्याच्या वॉर्डात हलवण्यात आले. तिथे त्यांच्यापुढे आले मधुमेहाचे ताट.

त्या ताटाची व्यवस्था सांगितली पाहिजे, कारण सगळे तिच्यात आहे. स्वयंपाकघर तळघरात होते. तिथून प्रत्येक खाटेसाठी सारखेच ताट वर येई: पाव, उकडलेले बटाटे, फळाचा रस आणि कोपऱ्यात, लाजल्यासारखी, थोडी भाजी. ताटावर स्टीलचे झाकण असे. ताटाच्या गाडीपुढे काही मिनिटे सुयांची गाडी फिरे आणि त्या ताटात जेवढी कर्बोदके असत त्यांच्या हिशेबाने प्रत्येकाला इन्सुलिन टोचले जाई. जेवण संपले की झाकण पुन्हा लावायचे आणि ताट परत पाठवायचे. उष्टे उघडे राहू नये, हा स्वच्छतेचा नियम होता आणि तो कसोशीने पाळला जाई. परिणामी कोण किती जेवले, हे त्या इमारतीत कोणालाही ठाऊक नसे.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी भिडेखातर सगळे ताट संपवले. साखर उसळली. थोरल्याने मान हलवून इन्सुलिन लिहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाव, बटाटा आणि रस तसाच ठेवून भाजी खाल्ली, झाकण लावले, ताट परत पाठवले. सुई चालू राहिली. आणि वॉकर धरून चालताना त्या वॉर्डाबाहेरच्या वऱ्हांड्यात कोसळल्या.

सुनेने भेटीच्या वेळात ताटावरचे झाकण उचलून पाहिले, तेव्हाच तिला सगळे उमगले. तिने ते थोरल्याला सांगितले. त्याच संध्याकाळी तिच्यावर तक्रार दाखल झाली आणि चौकशी संपेपर्यंत तिला वॉर्डात यायला बंदी झाली. धाकट्याने आईला घरी नेतो म्हटले, तर उत्तर मिळाले की, रुग्ण या प्रकरणातील साक्षीदार असल्याने तिला सोडता येत नाही. सासूबाईंनी सुई नाकारून पाहिली. मग थोरला स्वतः येऊन टोचू लागला, आणि मुलाच्या हातून घेण्यास त्यांनी नकार दिला नाही. शुद्ध हरपू नये म्हणून जमेल तेवढा पाव त्या गिळत. जमत नसे तेव्हा देवावर सोडत. समितीने ऐकले तरच ती सुई थांबणार होती. डॉक्टरीणबाई त्या खुर्चीवर बसल्या होत्या त्या आपला डॉक्टरकीचा परवाना वाचवायला नव्हे, एवढ्यासाठीच.

अध्यक्ष हृदयविकाराचे ज्येष्ठ शल्यचिकित्सक होते. त्यांनी चष्मा पुसला.

"डॉक्टर, तुमच्या या आहाराला दीर्घकालीन पुरावा आहे का? वीस-तीस वर्षांचा?"

"इतका लांबचा नाही."

"बघा."

आक्षेप खरा होता. म्हणून तर इतका उपयोगी पडत होता.

"पण सर, आज प्रश्न तीस वर्षांचा नाहीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रश्न आज दुपारच्या जेवणाचा आहे. आई पाव खात नाहीत, आणि त्यांना पावाचं इन्सुलिन दिलं जातंय. माझा आहार चुकीचा धरा हवं तर. पण मग सुई तरी थांबवा."

"सुई ताटाप्रमाणे दिली जाते," थोरला शांतपणे म्हणाला. त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. उलट, चांगली गोष्ट सांगणाऱ्याची प्रसन्नता होती. "आमच्या विभागाची हीच पद्धत आहे. ताट ठरलेलं, मात्रा ठरलेली. गोंधळाला जागा नाही."

"आणि ताट खाल्लं नाही तर?"

"ताट खाण्यासाठीच असतं."

समितीतल्या आहारतज्ज्ञबाईंनी हे विधान लिहून घेतले. ते ताट त्यांनीच आखले होते. त्या म्हणाल्या, "प्रत्येक रुग्ण काय खातो, ते बघत बसलो तर प्रमाणित आहार या शब्दाला अर्थच उरणार नाही."

आपल्याला लपवलेली चूक उघडकीला आणायची आहे, अशा समजुतीने डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तयारीही तशीच केली होती. इथे कोणी काही लपवतच नव्हते. सगळ्यांना ठाऊक होते. ते मोठ्याने सांगितलेही गेले, आणि त्या खोलीत कोणाच्या पापणीचीही हालचाल झाली नाही.

"साक्षीदाराला बोलवा," अध्यक्ष म्हणाले.

चाकांच्या खुर्चीतून सासूबाईंना आत आणले गेले. मागून धाकटा खुर्ची ढकलत होता. तो लिफ्टची दुरुस्ती करी आणि मोठ्या भावासमोर बोलताना अजूनही शाळकरी होई. बैठक ठरल्यापेक्षा बरीच लांबली होती. दुपारच्या जेवणाची वेळ उलटत आली होती, आणि टेबलावर समितीसाठी चहा, बिस्किटे येऊन पडली होती.

"आजी, तुम्हाला काय सांगायचंय?"

"आजी कोणाची?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही माझ्याहून फार लहान दिसत नाही."

अध्यक्षांनी स्मित केले. "बरं, बाई. तुम्ही ताटातलं अन्न टाकत होता?"

"टाकत नव्हते. परत पाठवत होते. टाकणं आणि परत पाठवणं यांत फरक आहे. आणि मी रोज सांगत होते, मी हे खात नाही, तर सुई कशाला? तुमच्या त्या नर्स मुली म्हणायच्या, लिहिलंय म्हणून." त्यांनी थोरल्याकडे पाहिले. "लिहिणारा हा. लहानपणी ह्याला लिहायला बसवायचं तर मारूनमुटकून बसवावं लागायचं."

"आई," थोरला म्हणाला.

"काय आई? दोन वर्षं मी सुईशिवाय होते ना? डोकं ठिकाणावर, पाय ठिकाणावर. तुझ्या ताटानं पहिल्याच दिवशी..." त्या थांबल्या. पुढचा शब्द त्यांना सापडेना. त्यांनी जांभई दिली. मग कपाळावरून हात फिरवला आणि ओल्या बोटांकडे परक्याच्या बोटांकडे पाहावे तसे पाहिले. "तुझ्या ताटानं... कोण बसलंय तिथं? खिडकी कोणी उघडी टाकली?"

खिडकी बंद होती.

"थकल्या असतील," अध्यक्ष म्हणाले.

"आईचा स्वभाव मुळातच तापट आहे," थोरला म्हणाला.

"वयोमानानं एकाग्रता कमी होते," आहारतज्ज्ञबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई उठल्या. "भाऊजी, सुई कधी दिलीत?"

"नेहमीच्या वेळी. इथे आणण्याआधी."

"आणि ताट?"

"ताट वॉर्डात आहे. खाटेजवळ."

असे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर काही उमटायला हवे होते. टेबलामागे बसलेल्या सर्वांनी आयुष्यभर ज्याची लक्षणे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली, तो रक्तातली साखर उतरण्याचा प्रकार हातभर अंतरावर घाम गाळत, अडखळत, डोळे मिटत बसला होता. एकाने कपात चमचा ढवळला. त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

पुढचे धाकट्याने पाहिले आणि ते त्याला आयुष्यभर विसरता आले नाही. त्याच्या बायकोने समितीच्या चहाच्या ट्रेवरून साखरेचे भांडे उचलले, साखर पाण्यात कालवली आणि आईचे डोके काखेत धरून, गिळते आहे ना ते घशावर बोट ठेवून पाहत, घोट घोट पाजली. जिने शेकडो माणसांच्या घरातून साखर हद्दपार केली होती, ती बाई साखर पाजत होती, आणि जे लोक साखरेची बाजू घेऊन तिच्यावर खटला चालवत होते, ते खुर्च्या मागे सरकवून आपले कागद पाण्यापासून वाचवत होते.

"साखर मोजायचं मशीन आणा," ती म्हणाली. "कुणीतरी मशीन आणा."

मशीन थोरल्याच्याच कोटाच्या खिशात होते. त्याने आईचे बोट धरले, थेंब काढला, आकडा पाहिला. मग मशीन बंद केले आणि परत खिशात ठेवले.

"किती?" अध्यक्षांनी विचारले.

"थोडी कमी आहे," तो म्हणाला.

"दादा, दाखव ना," धाकटा म्हणाला. थोरल्याने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने पुन्हा विचारले नाही.

थोड्या वेळाने सासूबाईंनी डोळे नीट उघडले. समोरच्या रांगेकडे पाहून म्हणाल्या, "अजून इथेच आहात तुम्ही सगळे? जेवायला नाही गेलात?" सुनेचा हात त्यांनी धरला होता, तो सोडला नाही.

अध्यक्षांनी इतिवृत्त लिहिणाऱ्याला सांगितले, "लिहा. साक्षीदारास थकव्यामुळे अस्वस्थ वाटले. पेय देण्यात आले."

"साखर दिली, हे यायला हवं," आहारतज्ज्ञबाई म्हणाल्या. त्यांच्या स्वरात द्वेष नव्हता. एखादे टोक जुळले की अभ्यासू माणसाला होतो तसा निर्मळ आनंद होता. "कारण ते महत्त्वाचं आहे, सर. वेळ आली तेव्हा यांनाही शेवटी कर्बोदकांचाच आधार घ्यावा लागला. म्हणजे मुद्दा सिद्धच झाला की."

"खरं आहे," कोणीतरी म्हणाले.

विहिरीत ढकललेल्याला दोराने वर काढावे आणि काढणाऱ्यालाच सांगावे की, बघा, शेवटी विहिरीपाशी यावेच लागले. यावर कोणत्या भाषेत उत्तर देतात, ते डॉक्टरीणबाई कुठे शिकल्या नव्हत्या. चारी भिंतींवर ग्रंथ होते. तर्काचे, पुराव्याचे, आजार ओळखण्याच्या पद्धतीचे. त्यांच्या पुढ्यात बसून माणसे एका तालात माना हलवत होती.

निर्णय तिथेच झाला. आहारविषयक सल्ला देण्यास डॉक्टरीणबाईंना कायमची मनाई. झालेला प्रकार आपल्या सल्ल्यामुळे घडल्याचे त्यांनी लेखी मान्य करावे. न केल्यास परवाना रद्द करण्याची शिफारस. सुईबद्दल एक अक्षर नव्हते. तो प्रश्न समितीच्या कक्षेत येत नव्हता.

समिती जेवायला उठली. थोरल्याने भावजयीला कपाटांच्या आड बोलावले.

"सही कर," तो हलक्या आवाजात म्हणाला. "चौकशी संपली की आई साक्षीदार राहत नाही. आज संध्याकाळीच तिला घरी घेऊन जा. सुई बंद करून. मी अडवणार नाही."

तिला आधी अर्थच लागेना. "म्हणजे तुम्हाला कळतंय."

तो खिशातल्या मशीनशी चाळा करू लागला.

"भाऊजी, आकडा किती होता?"

"तू वेळेवर साखर दिलीस," तो म्हणाला. ते उत्तर नव्हते, पण आकड्यापेक्षा स्पष्ट होते.

"मग आत्ता आत बोलला का नाहीत? तुमची आई आहे."

"आई आहे म्हणूनच तुला घेऊन जा म्हणतोय. पण मी तिच्यासाठी म्हटलं, की सुई ताटाप्रमाणे देऊ नये, तर..." त्याने कपाटावरची धूळ बोटाने पुसली. "तर ती आधी कोणाकोणाला दिली, ते बघावं लागेल. सकाळी खाटेवर निपचित सापडलेले रुग्ण. आम्ही लिहिलं, हृदय बंद पडलं. असेलही तसंच. वय झालेली माणसं होती. त्यांच्या ताटांवरची झाकणं कोणी उचलली नव्हती. मी ही पद्धत घातली तेव्हा तुझं लग्नही झालं नव्हतं."

इतका वेळ तिने त्याला अडाणी समजून स्वतःचे सांत्वन केले होते. अडाणीपणावर औषध असते.

"किती जण, भाऊजी?"

"सही करतेस ना?"

तिने सही केली. आई घरी यायला हवी होती, आणि दुसरा रस्ता त्या इमारतीत कोणी ठेवला नव्हता.

संध्याकाळी धाकट्याने आईला गाडीच्या मागच्या सीटवर उशांच्या आधाराने बसवले. सून शेजारी बसली. दिव्यांच्या रांगा मागे पडत होत्या.

"काय लिहून दिलंस?" सासूबाईंनी विचारले.

"तुम्हाला माझ्यामुळे चक्कर आली, असं."

"खोटं."

"हो, आई."

"माझ्यासाठी?"

"हो."

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिले. "अक्षर तरी नीट काढलंस ना? नाहीतर तेही माझ्याच माथी मारतील." मग धाकट्याकडे मान करून म्हणाल्या, "तू गाडी सावकाश चालव. मला घाई नाही." आणि थोड्या वेळाने, काहीतरी आठवल्यासारखे, "शेजारच्या खाटेवर काल एक बाई आणून टाकलीय गं. घशाचं काहीतरी आहे तिला. पाणीसुद्धा उतरत नाही. ताट मात्र येतं तिलाही."

सून त्यांच्याकडे वळली.

"आणि सुई?"

"सगळ्यांना येते तशीच. सकाळी ती मला तिची मुलगी समजून हाक मारत होती. मला वाटलं, वय झालं असेल."

सुनेने फोन काढून थोरल्याला लावला. त्याचा आवाज गाडीत सगळ्यांना ऐकू येत होता.

"भाऊजी, आईंच्या शेजारच्या खाटेवरची बाई. तिला गिळता येत नाही. रात्रीची सुई देऊ नका."

"ती तुझी पेशंट नाही," तो म्हणाला. "आणि आता तू कोणाला असा सल्ला देऊ शकत नाहीस. तू सही केलीयस."

"दे इकडे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी फोन तोंडाशी धरला. शेवटच्या बाकावरच्यालाही ऐकू जाईल असा तो जुना आवाज त्यांनी काढला नाही. अगदी साधेपणाने त्या म्हणाल्या, "बाळा, त्या बाईला सुई देऊ नकोस रे."

पलीकडे सुयांच्या गाडीची चाके फरशीवरून सरकत गेल्याचा आवाज आला.

"आई, तू आता विश्रांती घे," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

धाकट्याने कोणाला विचारले नाही. पुढच्या चौकात त्याने गाडी वळवली आणि आले होते त्याच रस्त्याने, आईने सावकाश म्हणून सांगितले होते तरी, भरधाव सोडली. भेटीची वेळ केव्हाच संपली होती आणि दरवाज्यावरचा पहारेकरी त्यांना आत सोडणार नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होते.